आधी यादी, मग काउंटर

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीला लागून कॉम्प्युटर विभाग होता. चार टेबलं आणि दोन खिडक्या, त्यातली एक न उघडणारी. तिच्याजवळ टायपिस्टबाई बसायच्या. बाईंनी टायपिंग सोडलं त्याला पंधरा वर्षं झाली होती, पण नाव काही बाईंना सोडत नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्या रेकॉर्ड विभागात टायपिस्ट म्हणून लागल्या. डॉक्टरांच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरातून केस पेपर उलगडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. बरोबरीच्या दोघींनी कपाळाला हात लावून लवकर निवृत्ती घेतली. बाई मात्र एकोणचाळिसाव्या वर्षी दर रविवारी जावा या कॉम्प्युटरच्या भाषेच्या क्लासला जाऊन बसू लागल्या. पहिल्या दिवशी वर्गातली मुलं त्यांना मास्तरीण समजून उठून उभी राहिली होती.

घरी त्या आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई. बाईंचे यजमान वारले तेव्हा वन्सं महिनाभरासाठी सोबतीला म्हणून आल्या. त्या महिन्याला आता अकरा वर्षं होत आली होती. वन्संनी उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली. घरातसुद्धा त्या दाराच्या चौकटीला पाठ लावून, पाय फाकवून उभ्या राहायच्या, जणू घर आत्ता वळण घेणार आहे. बाई ऑफिसात बीन नावाच्या गोष्टींचं काम करतात हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं होतं, "मग नाग डोलतो का कोणी समोर?"

बाईंनी त्यांना समजावलं होतं. वॉर्डातून रक्ताचे नमुने येतात, त्यांची नोंद ठेवणारा एक मोठा प्रोग्रॅम आहे. तो एकसंध नसतो, त्याचे लहान लहान भाग असतात. त्या भागांना जावात बीन म्हणतात. प्रोग्रॅम सुरू झाला की कंटेनर नावाचा कारभारी ते एकेक करून तयार करतो आणि ज्याला जे लागतं ते त्याच्या हातात देतो. फक्त मला अमका लागतो हे प्रत्येक भागाने आधी सांगून ठेवायचं असतं. मग कारभारी अमक्याला अगोदर तयार करतो.

"आणि नाही सांगितलं तर?" वन्संनी विचारलं होतं.

"तर तो आपल्या मनाने क्रम लावतो."

बाईंच्या प्रोग्रॅममध्ये महत्त्वाचे भाग दोन. एक यादी. कुठल्या तपासण्या तातडीच्या, हे लॅबच्या डॉक्टरबाईंनी ठरवून दिलेलं असायचं आणि सुरुवातीला यादी ते सगळं डेटाबेसमधून वाचून घ्यायची. दुसरा काउंटर. आलेला नमुना तातडीचा असला तर रांगेत वर, नाहीतर खाली, हे काउंटर ठरवायचा. त्यासाठी त्याला यादी हवी, हे उघडच होतं.

पण नऊ वर्षांपूर्वी एक भानगड झाली. वॉर्डांची नावं काउंटरकडे होती आणि प्रत्येक वॉर्डाची तातडी वेगळी धरायचं ठरल्यावर यादीलाही काउंटर लागू लागला. आधी अंडं की आधी कोंबडी. कंटेनरने सरळ हात वर केले, प्रोग्रॅम सुरूच होईना. बाईंना शिकवणारे जुने इंजिनिअर त्याच महिन्यात नोकरी सोडून गेले होते आणि खाली लॅबमध्ये नमुन्यांचा ढीग लागला होता. बाईंनी पळवाट काढली. प्रोग्रॅममध्ये त्यांनी एक सामायिक फळी ठोकली. यादी तयार झाली की तिने स्वतःला त्या फळीवर ठेवायचं. काउंटर तयार होताना फळीवर हात फिरवणार, यादी उचलणार. यादीला वॉर्डांची नावं लागली की तिनेही काउंटर असाच फळीवरून घ्यायचा. कोणाला कोण लागतं हे कंटेनरला सांगायचंच नाही, म्हणजे त्याची कुरकुरही नाही. आणि फळी रिकामी सापडली तर प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती. काही नसेल तर रिकामी यादी धर आणि पुढे चल.

प्रोग्रॅम सुरू झाला. विभागाच्या साहेबांनी पेढ्यांइतकी गोड तारीफ केली. पुढची नऊ वर्षं तो सुरळीत चालला आणि बाई ती फळी विसरून गेल्या.

त्या वर्षी विभागात नवा इंजिनिअर आला. पस्तिशीचा, घरी चार महिन्यांची मुलगी, नोकरी पक्की व्हायला अजून दोन महिने बाकी. त्याचा शर्ट इतका कडक असायचा की पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव इस्त्री पडलं. प्रोग्रॅमसुद्धा त्याला चुरगळलेला चालायचा नाही. यादीच्या फाइलच्या नावात अर्जंट हा शब्द जुन्या इंजिनिअरांनी कानाला ऐकू येतो तसा लिहिला होता, ए अक्षरापासून. बाईंच्या टायपिस्ट डोळ्याला ते स्पेलिंग नऊ वर्षं खुपत होतं, पण चालत्या गाडीला खीळ नको म्हणून त्यांनी हात लावला नव्हता. इस्त्रीने लावला. स्पेलिंग शुद्ध केलं, नाव यू अक्षरापासून सुरू झालं. आणखी पाचसहा नावं त्याने सरळ केली. सगळ्या चाचण्या घेतल्या, सगळ्या पास झाल्या. मंगळवारी सकाळी सातला नवा प्रोग्रॅम सुरू झाला.

अकराच्या सुमारास डॉक्टरबाई स्वतः तीन जिने चढून वर आल्या. लिफ्टची वाट बघण्याइतकाही धीर त्यांना नव्हता.

"तुमच्या प्रोग्रॅमला आज काय झालंय?" त्या दारातूनच म्हणाल्या. "सकाळपासून एकही नमुना तातडीचा म्हणून आलेला नाही. एकही नाही. मला वाटलं आज सगळे ठणठणीत आहेत. किडनीच्या एका पेशंटचं पोटॅशियम साध्या रांगेत पडून होतं. रिपोर्ट सव्वा तास उशिरा गेला. त्याला आयसीयूत हलवावं लागलं."

"आता कसा आहे तो?" बाईंनी विचारलं.

"आहे. संध्याकाळपर्यंत कळेल."

इस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, तरी तेच. मग साहेबांनी सांगितलं, जुना परत चढवा. जुना चढवला आणि दहा मिनिटांत तातडीचे नमुने रांगेत वर दिसू लागले. संध्याकाळी पेशंट सावरल्याचा फोन आला तेव्हा बाईंच्या जिवात जीव आला. इस्त्री मात्र फोन ठेवल्यावरही तसाच बसून राहिला.

बुधवारी बैठक झाली. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. विभागावर बालंट आलं की रात्रीचं जेवण त्यांना जात नसे, एवढंच. कालच्या प्रोग्रॅममध्ये नवीन काय होतं, असं त्यांनी विचारलं.

"फक्त नावं बदलली, सर," इस्त्री म्हणाला. "कामाच्या एका ओळीला हात लावलेला नाही."

"मग हात लावायची गरज काय होती?"

नाव बदलून बिघाड कसा होईल हे त्यालाही सांगता येईना आणि नावाशिवाय काही बदललं नव्हतं हेही खरं. खापर फोडायला डोकं आयतं समोर बसलं होतं.

दुपारी साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. चौकशीचा अहवाल शुक्रवारी संध्याकाळी वर जायचा होता. भाषा शुद्ध आणि मांडणी नीट हवी असली की ते काम अजूनही बाईंकडेच यायचं. साहेब सांगत गेले, बाई टाइप करत गेल्या. "बिघाडाचे कारण: संबंधित अभियंत्याने आवश्यकता नसताना प्रोग्रॅममधील नावे बदलली." बाईंची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. रेकॉर्ड विभागात पहिल्याच दिवशी त्यांना शिकवलं होतं की टायपिस्टने मजकुराशी वाद घालायचा नसतो.

पण गुरुवारी सकाळपासून त्यांना चैन पडेना. नावाने एवढं कसं होईल? यादी होती, काउंटर होता, दोन्ही सुरू झालेले दिसत होते. प्रोग्रॅम सुरू होताना कोणता भाग कधी तयार झाला याची ओळ न ओळ लिहिली जाते. बाईंनी जुन्या प्रोग्रॅमच्या ओळी छापून घेतल्या, मंगळवारच्या नव्याच्याही छापल्या, दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले आणि फूटपट्टी लावून एकेक ओळ खाली सरकू लागल्या. जेवणाची सुट्टी झाली, इस्त्री डबा न उघडता बाहेर गेला, तरी त्या सरकतच होत्या.

जुन्या कागदावर यादी अकराव्या ओळीला तयार झाली होती आणि काउंटर साठाव्या. नव्या कागदावर काउंटर एकोणसाठाव्या ओळीला आणि यादी थेट पंचाहत्तराव्या.

बाईंनी फूटपट्टी खाली ठेवली. कोणाला कोण लागतं हे सांगितलेलं नसेल तर कंटेनर फोल्डरमधल्या फायली नावाच्या अक्षरांप्रमाणे घेत जातो. जुनं नाव ए पासून होतं, म्हणून यादी आधी तयार होत होती. काउंटरच्या फाइलचं नाव सॅम्पल या शब्दाने, म्हणजे एस पासून. नवं नाव यू वर गेलं आणि काउंटर पुढे झाला. त्याने फळीवर हात फिरवला, फळी रिकामी. मग रिकामी यादी धरून तो सांगितल्याप्रमाणे पुढे चालत राहिला. सकाळभर त्याच्या लेखी जगात एकही तपासणी तातडीची नव्हती. चाचण्यांत हे सापडलं नव्हतं, कारण चाचणी सुरू करताना यादी आधी हाताने ठेवली जायची. इतकी वर्षं सगळा डोलारा एका चुकलेल्या स्पेलिंगवर उभा होता.

त्यांनी फळीची फाइल उघडली. वरच्या ओळीत त्यांच्याच नावाची आद्याक्षरं आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख. बाईंचे कान गरम झाले. खोलीत कोणी नव्हतं. फाइल बंद केली असती तर ताकास तूर लागली नसती. चार वर्षांत त्या निवृत्त होणार होत्या.

फाइल त्यांनी बंदच केली आणि पाचला घरी गेल्या.

वन्सं वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसल्या होत्या. बाईंनी पर्स टांगली, समोर बसल्या, दोन शेंगा सोलल्या आणि दाणे सालांच्या ढिगात टाकले.

"काय झालंय?" वन्सं म्हणाल्या.

बाईंनी सगळं सांगितलं. फळी, स्पेलिंग, अहवाल, इस्त्रीची लहान मुलगी. वन्सं मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे तापाचं लक्षण मानावं इतकं दुर्मीळ होतं.

"म्हणजे चूक तुझी आणि नोकरी त्याची जाणार," शेवटी त्या म्हणाल्या.

"पक्की होणार नाही. जाणारच म्हणा."

"तुझी जाईल का, सांगितलंस तर?"

"नोकरी जाणार नाही. पण सगळ्यांना कळेल. आधीच म्हणतात टायपिस्टबाई. आता म्हणतील, टायपिस्टच ती, तिला प्रोग्रॅम कुणी लिहायला सांगितला."

"म्हणतील," वन्सं म्हणाल्या. "मला पहिल्या वर्षी प्रवासी म्हणायचे, बाई, घरी जाऊन पोळ्या लाटा. मी तिकीट फाडून हातात द्यायचे." त्यांनी सालांतले दाणे वेचून काढले. "मग काय करणार आहेस?"

"सांगणार आहे."

"ते तू दारातून आत आलीस तेव्हाच ठरलेलं दिसत होतं. मग माझे मटार कशाला नासवतेस?"

शुक्रवारी सकाळी साहेब आले तेव्हा बाई केबिनबाहेर कागदांचे दोन गठ्ठे घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी ऐकून घेतलं, ओळी तपासल्या, दोनदा विचारलं आणि मग दार लोटून घेतलं.

"बाई, नऊ वर्षं चाललं ना ते?"

"चाललं. पण नशिबाने चाललं."

"तुमची चार वर्षं राहिलीत. कशाला हे पदरात घेता? त्याचं वय लहान आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. फळी गुपचूप काढून टाका. मी कोणाला बोलणार नाही."

साहेब हे प्रेमापोटी म्हणत होते, म्हणून बाईंना जास्त अवघड गेलं. धमकावलं असतं तर सोपं झालं असतं.

"साहेब, तो अहवाल मी टाइप केलाय," त्या म्हणाल्या. "त्यातलं कारण खोटं आहे. वडाची साल पिंपळाला लावलीय आपण. मी दुसरा टाइप करून आणलाय. वाचून घ्या."

साहेबांनी वाचला. "यात तुम्ही तुमचं नाव घातलंय."

"फाइलवर माझंच आहे."

साहेबांनी पेन काढलं आणि सही केली.

इस्त्रीला सांगणं यापेक्षा कठीण निघालं. बाईंना वाटलं होतं त्याला हायसं वाटेल. त्याने दोन्ही गठ्ठे नीट पाहिले, अकरावी ओळ, साठावी ओळ, पंचाहत्तरावी ओळ आणि त्याचे डोळे लाल झाले.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"काल दुपारी."

"काल दुपारी," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की नोकरी जातेय. तिने माहेरी फोन केला. तिचे वडील मला समजावत होते, बाई. तासभर."

काल पाच वाजता त्याच्या टेबलापाशी थांबून चार शब्द बोलता आले असते आणि बाई पर्स उचलून घरी गेल्या होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा."

त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग त्याने खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली. "काढूया ती फळी," तो म्हणाला.

कामाला बसल्यावर दोघांचं बरं जमलं. वॉर्डांची नावं काउंटरकडून काढून त्यांचा एक वेगळा लहानसा भाग केला. आता यादीला वॉर्ड लागत होते, काउंटरला वॉर्ड आणि यादी. यादीला काउंटर लागायचं कारणच उरलं नाही. अंड्याकोंबडीची गाठ वीस मिनिटांत सुटली. नऊ वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर, असं बाईंच्या मनात आलं, पण तेव्हा शेजारी बसायला कोणी नव्हतं. कोणाला कोण लागतं ते दोघांनी स्वच्छ लिहून टाकलं. आता नाव कुठल्याही अक्षराचं असो, कंटेनर आधी यादी तयार करणार आणि मगच काउंटर. बाईंनी आणखी एक गोष्ट मागितली. यादी रिकामी असेल तर प्रोग्रॅम सुरूच होता कामा नये.

हे ऐकून साहेब दचकले. "हॉस्पिटलचा प्रोग्रॅम सुरू होणार नाही? लॅब माझ्या डोक्यावर येऊन बसेल."

"बंद पडलेला सातला कळेल, साहेब," बाई म्हणाल्या. "रिकाम्या यादीने सुरू झालेला अकरापर्यंत कळला नव्हता."

सोमवारी सकाळी नवा प्रोग्रॅम चढवला आणि तो खरंच सुरू झाला नाही. साहेबांच्या पाचावर धारण बसली. यादी नव्याने लिहिताना इस्त्रीकडून डेटाबेसमधल्या तक्त्याच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. प्रोग्रॅमने ती ओळ दाखवून सरळ नकार दिला होता. पाच मिनिटांत अक्षर घातलं आणि साडेसातला डॉक्टरबाईंचा फोन आला. "तातडीचे वर येतायत," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

बाईंना ताकीद मिळाली, लेखी, नोकरीच्या फाइलला लागणारी. त्या वर्षीची बढती हुकली. रेकॉर्ड विभागात कोणीतरी कुजबुजलं, कॅन्टीनमध्ये कोणीतरी विषय बदलला, महिनाभराने लोकांना बोलायला दुसरं काही मिळालं. किडनीचा पेशंट दहा दिवसांनी घरी गेला. बाई त्या दिवशी काही निमित्त काढून खालच्या मजल्यावर गेल्या आणि त्याला बायकोच्या खांद्यावर हात ठेवून दाराबाहेर पडताना बघून आल्या. त्याला त्यांनी ओळख दिली नाही. काय म्हणून देणार?

इस्त्रीची नोकरी पक्की झाली. पण तो बाईंशी कामापुरतंच बोलायचा. सकाळी "नमस्कार", संध्याकाळी "येतो", मध्ये जे असेल ते कागदावर. बाईंनी त्याला दोष दिला नाही. वन्सं म्हणाल्या, "सासऱ्यासमोर मान खाली गेलेला जावई आहे तो, त्याला वेळ लागेल." घरात यावर दोघी हसल्या, तरी बाईंना ते लागतच होतं.

दीड महिन्याने एका दुपारी तो त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात छापलेले कागद होते.

"औषधांच्या दुकानाचा भाग लिहिलाय," तो म्हणाला. "उद्या साहेबांना दाखवायचाय. त्याआधी तुम्ही एकदा बघाल का? तुमच्या त्या फूटपट्टीने."

बाईंनी बघितला. त्यांना दोन चुका सापडल्या. एक त्याने लगेच मान्य केली. दुसरी चूक नाहीच असं त्याचं म्हणणं होतं. बाई म्हणत होत्या की साठ्याचा आकडा प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच वाचून ठेवू नये, लागेल तेव्हा विचारावा. तो म्हणत होता की त्याने सगळं संथ होईल. दोघंही हट्टाला पेटली. चहा आला, समोर ठेवला, त्यावर साय धरली. साहेब केबिनच्या दारात येऊन काय चाललंय म्हणून बघून गेले. त्यांच्यात त्या गोष्टीवर आजही एकमत झालेलं नाही.